झोक्याखालची वाळू

विनार्सिहची मुलगी नास्तिती झोक्यावरून पडली, असं लोक अजून म्हणतात. खरं म्हणजे झोका तिच्यावर पडला. मी समोरच होते. आमच्या सरकारी इमारतींच्या मधल्या पटांगणाच्या कोपऱ्यावर मी तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, भजी तळते.

दर ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आधी, झोक्यांना झेंड्याचा लाल-पांढरा रंग लागायचा. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा. बुडाशी खांब गंजून नुसता पापुद्रा उरला होता, पण रंगाखालून तो दिसणार कसा? त्या दुपारी शाळेतून आल्या आल्या नास्तिती झोक्यावर चढली. "बू, माझं भजं कडक तळा, कालचं मऊ होतं!" असं वरून ओरडली. बू म्हणजे बाई, मोठ्या बायकांना सगळे तशीच हाक मारतात. मी म्हटलं, "आधी खाली तर ये, महाराणी." तेवढ्यात खांब बुडातून मोडला आणि वरचा आडवा पाइप तिच्यासकट खाली आला. खाली सिमेंट. मी झारा टाकून धावले, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मयताच्या प्रार्थनेचे दिवस उरकल्यावर विनार्सिह माझ्या दारात आली. मला ती यु म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "यु, कार्यालयात चल माझ्याबरोबर. एकटीने गेले तर रडेन."

इमारतींचे व्यवस्थापक पाक दार्सोनो, पुरुषांना मानाने पाक म्हणतात. त्यांनी खुर्च्या पुढे केल्या, चहा मागवला.

"पाक, दुसरा झोकाही तसाच आहे," विनार्सिह म्हणाली. "खांब बदला. खालचं सिमेंट काढून वाळू टाका. दुसरं काही मागत नाही मी."

"बू, देवाने नेलं हो तिला. त्याच्यापुढे आपण कोण?"

"नेलं देवाने. पण गंजावर रंग तुम्ही लावला होता."

पाक दार्सोनोंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, जागा आमची, झोके मात्र उद्यान खात्याचे. उद्यान खात्यातल्या बाई म्हणाल्या, आमचे कसले, ते तर निवडणुकीत एका उमेदवाराने भेट दिलेले. उमेदवार हरला होता आणि आता जुन्या गाड्या विकत होता. त्याने आम्हाला गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक समजून एका गाडीचं दार उघडलं. "झोका? कुठला झोका?" त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगणातून ठोकल्याचे आवाज आले. बघते तर ती आणि तिचा नवरा तुकिमान पहारीने सिमेंट फोडत होते. तिसऱ्या मजल्यावरून सुपाद्मी ओरडली, "अगं ए, सिमेंट फोडतेस की नवऱ्यावरचा राग काढतेस?" सुपाद्मीच्या जिभेला हाड नाही. पण तीच पुढे झग्याला हात पुसत खाली आली आणि तिने पहार हातात घेतली. पोर गेल्यापासून विनार्सिह पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी.

मग बरेच जण आले. गवंडीकाम करणाऱ्या दोघा भावांनी नदीची वाळू आणून टाकली. मोडलेला झोका कापून काढला, उरलेल्याचे खांब बदलून खोल गाडले, साखळ्या आखूड केल्या. रोज दुपारी विनार्सिह यायची, खांब दोन्ही हातांनी हलवून बघायची आणि मगच पोरांना बसू द्यायची. पोरं तिला फौजदारीण म्हणायची. सुपाद्मीचा पोरगा यानुआर तर सलाम ठोकायचा. "बसू का, साहेब?" ती म्हणायची, "बस. पण उभा राहिलास तर याद राख."

हे पाक दार्सोनोंच्या कानावर गेलं.

"कुणाला विचारून केलंत हे?" ते वाळूच्या कडेला उभे राहून म्हणाले. बूट भरतील म्हणून आत आले नाहीत.

"तुम्हालाच तर विचारलं होतं, पाक."

"उद्या इथे परत कुणाला लागलं तर नोकरी माझी जाईल. धोका आहे म्हणून तुम्हीच सगळीकडे सांगत फिरलात ना? मग धोका काढून टाकतो."

विनार्सिहने त्यांचे पाय धरले. मी तिला उठवायला गेले तर उठेना. पाक दार्सोनो घाबरल्यासारखे मागे सरकले, पण बोलले ते करून दाखवलं. झोका कापला, शेजारची घसरगुंडी उचलली, वाळू ट्रकमध्ये भरून नेली. परत सिमेंट ओतलं आणि वर मोटारसायकली उभ्या राहिल्या. पुरुषमंडळी खूश झाली. सावलीत जागा मिळाली.

पोरं काय, खेळल्याशिवाय राहतात होय? ती गेली रस्त्यावर. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रक याच रस्त्याने धावतात. चेंडूमागे गेलेल्या यानुआरच्या पायावरून मागचं चाक गेलं. जीव वाचला, पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

विनार्सिह भात आणि अंडी डब्यात भरून इस्पितळात निघाली. मी म्हटलं, आज नको जाऊस. तिने ऐकलं नाही. सुपाद्मी वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती. तिने डब्याकडे पाहिलं नाही.

"तू गप्प बसली असतीस ना," ती म्हणाली, "तर मोडका का होईना, झोका राहिला असता. माझा पोरगा रस्त्यावर गेला नसता."

आवाज चढवला नाही तिने. मला वाटत होतं, तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात. विनार्सिहने डबा तिच्याजवळ ठेवला आणि ती जिन्याकडे चालू लागली.

जिन्यात मी म्हटलं, "ती भानावर नाहीये गं. मनाला लावून घेऊ नकोस."

"भानावर आहे, यु." ती कठड्याला धरून उभी राहिली. "नास्तिती तर परत येणार नव्हती. मी पुढच्या पोरासाठी भांडले. पुढचं पोर तिचंच निघालं."

त्यानंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली. ट्रकचा भोंगा वाजला की कान झाकून बसायची. जेवण सुटलं. शेवटी तुकिमानने काम सोडलं आणि तो तिला डोंगराकडच्या गावी, तिच्या आईकडे घेऊन गेला. सामान बांधायला मी होते. नास्तितीचे कपडे कुणाला द्यायचे, असं विचारलं तर तिला प्रश्नच कळला नाही. निघताना सुपाद्मी तिसऱ्या मजल्यावर उभी होती. खाली आली नाही. हातही हलवला नाही.

रस्त्याच्या कडेला आता पाटी लावली आहे, मुलांनी इथे खेळू नये. त्या पाटीच्या खांबाला चपला टेकवून पोरं फुटबॉलचा गोल मांडतात. मी झारा उगारून ओरडते, "सरका रे, मरायचंय का?" मग ती सरकतात, ट्रक जाऊ देतात, आणि मी कढईकडे वळले की पुन्हा रस्त्यात उतरतात.