उजवीकडनं मागं, डावीकडनं पुढं

रावसाहेबांची कवळी उडाली ती थेट ताशावर, आणि ताशेवाल्यानं भानावर यायच्या आत तिच्यावरही दोन काड्या वाजवल्या.

"अरं थांबीव!" रावसाहेब बोळक्या तोंडानं ओरडले.

सोमलिंग थांबवतोय कसला! मोटार उजव्या अंगानं धडाधडा उसळत होती आणि डाव्या अंगानं नुसते बार काढत होती. दसऱ्याची मिरवणूक, दुतर्फा अख्खं सोलापूर. जन्मभर टांगा हाकलेल्या सोमलिंगाला रावसाहेबांनी बजावलं होतं, "आज मोटार नीट चालली तर तू कायमचा डायवर. न्हाय तर नागप्पा." हाताखालचा नागप्पा डायवरकीवर डोळा ठेवून मागच्या फळीवर तयारच बसला होता.

आणखी एक बार झाला. सोनं वाटणारी माणसं गटारात, रावसाहेबांचा फेटा म्हशीच्या शिंगावर. म्हशीला शोभत होता.

शेवटी मोटार थांबली. सोमलिंगानं झाकण उघडलं. आडवं इंजिन, दोन्हीकडं दोन-दोन सिलिंडर. समोरासमोरचे दट्टे, म्हणजे पिस्टन, एकदम बाहेर, एकदम आत, एकमेकांचा धक्का जिरवायचे. ठिणगीची पाळी ठरलेली: उजवा पुढचा, उजवा मागचा, मग डावा पुढचा, डावा मागचा. बघतो तर ठिणगीच्या चारी तारांना हळदकुंकू, आणि डावीकडच्या दोघींची अदलाबदल!

तेवढ्यात त्याची आई सिद्धम्मा गर्दीतून धावत आली.

"अव्वा, काल खंडेनवमीला तारा काढल्यास?" त्यानं हळूच विचारलं.

"काढून पुसल्या की. पूजा काय वरनं वरनं करायची?"

"आन् लावल्यास कशा?"

"प्रदक्षिणेनं! उजवीकडनं मागं, डावीकडनं पुढं."

"अगं, इंजिन देवळाला फेरी घालत न्हाय! उजवीकडनं मागं गेलं की डावीकडं पुन्हा पुढं उडी मारतंय!"

रावसाहेब कवळी पुसत आले. "कुणी हात लावला रं इंजिनाला?"

सिद्धम्मानं तोंड उघडलं. सोमलिंग मधे आला.

"मीच की, सायेब. पूजा केली."

"मग आता टांग्याचीच पूजा कर! नागप्पा, बस म्होरं!"

सोमलिंगानं आधी दोन्ही तारा बदलल्या, मग हँडल मारलं.

"चालू कर की!" रावसाहेब खेकसले.

"चालूच हाय, सायेब."

रावसाहेबांनी झाकणाला कान लावला. पण चारचौघांत शब्द गेला होता. नागप्पानं मोटार काढली.

"खरं का सांगितलं न्हाईस?" सिद्धम्मा म्हणाली.

"गप की अव्वा. ऐक, कसं पळतंय!"

मोटार वळणाआड गेली, तरी दोघं मान तिरकी करून उभे होते. ऐकू काहीच येत नव्हतं, आणि सोमलिंग खुशीत डोलत होता.