उष्टी साक्ष

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर डब्याएवढं यंत्र, आणि माणसं त्याच्याकडे अशी बघत होती की ते आत्ता बोलेल. यंत्रवाले साहेब पेनचं टोपण चघळत सांगत होते, "माणूस खोटं बोलेल, थुंकी बोलणार नाही! चोराचा एक कण पुरे!"

वसाहतीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली होती. सर्वांत आधी साहेबांनी स्वतःची. बदल्यात ओळखपत्र मिळालं. ते टेकवल्याशिवाय फाटक उघडत नाही. अध्यक्षकाका तर यंत्राला हात जोडत. मी मनातल्या मनात साहेबांचं नाव थुंकीमहाराज ठेवलं होतं.

आज महाराजांचा पहिला चमत्कार. पाळणाघरवाल्या मावशींच्या बांगड्या कपाटातून गेल्या होत्या. कपाटाच्या मुठीवर फिरवलेली काडी यंत्रात गेली. तासा-दीड तासाने पडद्यावर फोटो उमटला.

माझा.

"अगं, तू?" मावशी माझ्याकडे वळल्या.

"मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही, मावशी! पिल्लूला दारातच तुमच्याकडे देते ना मी?"

"यंत्राचं तुमच्याशी काय वाकडं आहे, मॅडम?" साहेब म्हणाले. लोक हसले.

उद्या दुपारी पोलीस येणार होते. नवरा कामासाठी परगावी. फोनवर म्हणाला, "चुकून हात लागला असेल, नीट आठव ना." त्या 'आठव ना'ने मी गारच पडले. मला नेलं तर माझी चिमुकली पिल्लू कोणाजवळ झोपणार? तिला कडेवर घेऊन आईकडे निघाले, तर फाटकावर लाल दिवा.

"ताई, तुमचं कार्ड वरून बंद केलंय," पहारेकरी जमिनीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात पिल्लूची चघळायची रबरी कडी खाली पडली. जवळ पाणी नव्हतं. सवयीने मी ती तोंडात घालून चोखली, तिला परत दिली. तिने ती चावली आणि लाळेने बरबटलेल्या मुठीत फाटकाचा गज पकडला.

मी त्या मुठीकडे बघतच राहिले. पाळणाघराच्या दारातून दिसणारी कपाटाची मूठही तिच्याच उंचीची!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सभागृहात पिल्लूला टेबलापाशी सोडलं आणि एक स्वच्छ पुसलेला डबा मागितला. "साहेब, मी लांब उभी राहते. शोधा बघू याचा चोर."

"हौस फिटू दे!" म्हणत साहेब लोकांकडे वळले आणि प्रवचन सुरू झालं. चघळलेलं टोपण टेबलाच्या कडेला होतं. पिल्लूने ते उचलून थेट तोंडात घातलं. एरवी मी झडप घालून काढलं असतं. आज जीव मुठीत धरून गप्प राहिले. मग तिने दोन्ही हातांनी डबा बडवला.

साहेबांनी हातमोजे घालून नवी काडी फिरवली. आम्ही वाट पाहिली. पडद्यावर फोटो आला, टाय लावलेला.

"अहो साहेब, डबा कुठे लपवणार होतात?" मागून कोणीतरी ओरडलं.

"पण... मी तर हातही..." साहेबांचा हात टोपण शोधत होता. ते पिल्लूच्या तोंडात होतं.

"मीही नव्हता लावला," मी म्हणाले. "लहान मुलांची थुंकी तुम्ही घेतली नाही, म्हणून यंत्र पिल्लूला ओळखत नाही. तिच्या हातावर ज्याचं उष्टं, त्याचं नाव ते सांगतं."

मावशींनी पुढे येऊन माझा हात धरला. "रोज त्या मुठीला लोंबकळते गं कार्टी!"

काकांनी पोलिसांना फोन करून सगळं सांगितलं. माझं कार्ड मात्र अजून बंद आहे. चोराचा शिक्का मारायचं बटण यंत्राला आहे, पुसायचं नाही. म्हणे मुख्य कचेरीतून मंजुरी यावी लागते. बांगड्याही मिळालेल्या नाहीत. त्या नेणाऱ्याने कदाचित मुठीवर थुंकी सोडलीच नसेल, आणि सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा तो निवांत घरी बसला असेल.

यंत्र खोटं बोललं नाही. थुंकी माझीच होती. पण ती कोणाची एवढंच यंत्र सांगतं. तिथे कशी आली आणि कधी, हे विचारायचं काम माणसाचं. ते तरी यंत्रावर टाकू नका. आज फाटकाच्या आत मी उभी आहे. उद्या तुमचं उष्टं कुठे सापडेल, सांगता येईल का?