ताईने बांधलेलं पॅराशूट

छोट्या हेलिकॉप्टरच्या डोक्यावर, पंख्याच्याही वर, इंजिन बंद पडलं तर अख्खं हेलिकॉप्टर अलगद उतरवणारं पॅराशूट असतं; ते घडी घालून बांधायचं, हे ताईचं काम. आज तिच्या धाकट्या भावाच्या हेलिकॉप्टरची पाळी होती. एकेक दोरी तिने पुन्हापुन्हा चाचपली, तरी जीव थाऱ्यावर येईना. पॅराशूट उघडायला खाली बरीच उंची लागते, आणि हा पठ्ठ्या पिकांवर औषध फवारतो तो झाडांचे शेंडे घासत; तिथे ते उघडायला वेळच मिळायचा नाही.

"गाढवा, जरा वरून उड की!" ती खेकसली.

"वरून फवारलं तर औषध शेजाऱ्याच्या रानात जाईल, ताई," तो हसत म्हणाला आणि उडाला.

घरी आईने विचारलं, "पॅराशूट तूच बांधलंस ना? मग मला कसला घोर!"

"हो आई," ताई म्हणाली, "अगदी नीट बांधलंय."