सुरू होता होता कोसळणारा मी

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो एक जुना संगणक. माझी पाठ गंजली आहे, पोट रिकामे आहे आणि मला आता कोणी सुरू करत नाही. तरीही माझी गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्या एकट्याची नाही.

माझी पहिली वर्षे ब्रिस्बेनमधल्या एका शाळेत गेली. तिथे मी तरतरीत होतो. बटण दाबले की डोळे उघडायचे आणि कामाला लागायचे, एवढेच मला ठाऊक होते. पुढे तिथे नवी यंत्रे आली. आम्हा जुन्यांना पुसून, खोक्यांत भरून बोटीवर चढवले. अशा रीतीने मी प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या या बेटावर आलो. राजधानी तारावा इथून बोटीने बरीच दूर. एका बाजूला उथळ खाजण, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि मध्ये नारळीच्या झाडांची एक चिंचोळी पट्टी, एवढीच इथली जमीन.

मला मासेमारी केंद्रात ठेवले. छपरावर एक उंच अँटेना होती. प्रत्येक होडीवर एक लहानशी पिवळी पेटी बसवलेली होती. ती पेटी खूण पाठवायची, अँटेना ती झेलायची आणि माझ्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा. प्रत्येक ठिपक्याखाली होडीचे नाव. होडी फार लांब गेली की ठिपका कडेला जाऊन विझायचा. या समुद्रात भरकटलेली माणसे कुठल्या कुठे जातात हे इथल्या प्रत्येक घराला माहीत होते. म्हणून माझा मान मोठा होता. बायका पाण्याला जाता जाता खिडकीतून डोकावून विचारायच्या, "आमचे कुठवर आलेत गं?"

सांगणारी होती तिरोईया. केंद्राचे सगळे काम तिच्याकडे होते. ठणठणीत आवाजाची, पटकन चिडणारी आणि तितक्याच पटकन हसणारी बाई. तिचा नवरा बिरिबो आणि सासरे तेराका एकाच होडीवर जायचे. त्यांचा ठिपका किनाऱ्याकडे वळला की ती भात चुलीवर चढवायला घरी पळायची.

इथली हवा खारी. लोखंडाला ती आतून खाते. पहिल्या पावसाळ्यानंतर माझे दुखणे सुरू झाले. सकाळी बटण दाबले की दिवा लागायचा, पंखा फिरायचा आणि मग पडदा निळा व्हायचा. त्यावर पांढरी अक्षरे यायची आणि मी कोसळायचो. आपोआप पुन्हा उठायला लागायचो, पुन्हा तिथेच येऊन कोसळायचो. चौथ्या-पाचव्या खेपेला मात्र उठायचो आणि मग संध्याकाळपर्यंत काही तक्रार नसायची. त्यामुळे माझे दुखणे खरे कोणाला वाटेचना. "आळशी आहे, उशिरा उठतो," असे म्हणून लोक हसायचे. कोणी पाठीत धपाटा घालायचे. योगायोगाने त्याच वेळी मी उठलो की धपाटा हेच औषध ठरायचे.

तारावाहून उरियाम नावाचा दुरुस्तीवाला आला. त्याने माझी रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि पट्टी परत बसवली. धूळ झाडली. डिस्क तपासली. सगळे प्रोग्राम नव्याने भरले. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा निळा पडदा. दुसऱ्या फेरीला त्याने हत्यारे लगेच काढली नाहीत. तो नुसता समोर बसून मला कोसळताना बघत राहिला.

"हा गार असतानाच पडतो ना? एकदा तापला की पडत नाही?" त्याने विचारले.

"दुपारी कधीच नाही पडत," तिरोईया म्हणाली.

मग त्याने माझ्या पाठीमागचा वीज पुरवणारा डबा उघडला. आतले वीज साठवणारे छोटे कपॅसिटर काटेरी फुग्या माशासारखे पोटे फुगवून बसले होते.

"हे बघ, दोष डोक्यात नाहीये, पोटात आहे," उरियाम म्हणाला. "मी उगाच डोकं तपासत बसलो. उठताना सगळ्यात जास्त जोर लागतो. पंखा, डिस्क, सगळे एकदम हात पसरतात, आणि याच्याकडे द्यायला काही नसतं. मग हा कोसळतो. अंग तापलं की कसाबसा पुरा पडतो."

"मग काय, रोज पाच-पाच वेळा बटण दाबत बसू?"

"अजिबात नको. जितक्यांदा पाडशील तितका तो खचेल. मी नवा पॉवर सप्लाय पाठवतो. तोवर याला बंदच करू नकोस. बंद केलास तर एक दिवस उठायचा नाही."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझे दुखणे कोणाला नेमके कळले ते त्या दिवशी. मला फार बरे वाटले.

नवा डबा पुढच्या बोटीने आलाही. पण तो माझ्यापर्यंत पोहोचला नाही. बोटीवरून सामान उतरवून घेणारे तेबुआई हे बेटाच्या पंचायतीचे अध्यक्ष होते. मनाने वाईट नव्हते. बेटाच्या गायकवृंदाचा त्यांना भारी अभिमान. बेटाबेटांची गाण्याची स्पर्धा जवळ आली होती आणि पंचायतीच्या संगणकावर ते रोज गाणी ध्वनिमुद्रित करायचे. त्या संगणकाच्या वीज पुरवणाऱ्या डब्यातला पंखा घरघरायचा. नवा डबा त्यांनी त्यालाच बसवून घेतला.

तिरोईया तावातावाने त्यांच्याकडे गेली आणि परत येऊन तिने शेजारणीला सगळे सांगितले.

"मी म्हटलं, काका, तो डबा माझ्या यंत्रासाठी आला होता. तर म्हणतात कसे, 'अगं, तुझं यंत्र चालू आहे ना? माझं तर ऐन गाण्यात घोरतं. पुढच्या बोटीनं दुसरा मागवू, तो तुझा.' मी म्हटलं, उरियामनं सांगितलंय, हा एक दिवस उठायचा नाही. तर हसायला लागले. म्हणे, 'पेटी आहे ती पोरी, पेशंट नाही!'"

"मग?"

"मग काय? सगळेच हसले. मलाही हसू आलं मेलं."

त्यानंतर मी अखंड जागा राहिलो. छपरावरच्या सौर पट्ट्या दिवसा बॅटऱ्या भरायच्या आणि रात्री मी त्यांच्यावर तग धरायचो. मग पश्चिमेच्या वादळी वाऱ्यांचे दिवस आले. आभाळ झाकोळून राहिले. अशाच एका दुपारी बिरिबो आणि तेराका टुना धरायला गेले. संध्याकाळी तिरोईयाने घरी जाताना पाहिले, तेव्हा त्यांचा ठिपका बेटाच्या पश्चिमेला स्थिर होता. मासा लागला असेल, असे म्हणून ती गेली. त्या रात्री वारा उठला, आणि अर्धवट भरलेल्या बॅटऱ्या संपून मी बंद पडलो.

सकाळी सगळ्या होड्या किनाऱ्यावर होत्या, ती एक सोडून.

तिरोईया धावत आली. ढग थोडे विरळ झाले होते, वीज हळूहळू येत होती. तिने बटण दाबले. दिवा, पंखा, निळा पडदा. पुन्हा दाबले. पुन्हा निळा पडदा. पाचव्या खेपेला उठतो हे तिला पाठ होते, म्हणून ती दाबत राहिली. मी उठायचा प्रयत्न करत होतो, मित्रांनो. दर वेळी आधीच्या पायरीपेक्षा एक पायरी अलीकडेच कोसळत होतो. शेवटी तर निळा पडदाही येईना, नुसता पंखा थरथरून थांबायचा.

बाहेर म्हातारी माणसे वाद घालत होती. होड्या थोड्या आणि पेट्रोल त्याहून थोडे. दोन दिशांना जाणे शक्य नव्हते.

"इंजिन बंद पडलं असेल तर प्रवाह त्यांना पश्चिमेलाच नेणार. नेहमी नेतो," एक जण म्हणाला.

"पण वारा पश्चिमेचा होता रात्रभर. त्यानं मागे, पूर्वेला ढकललं असेल तर?"

सगळ्यांनी खिडकीतून तिरोईयाकडे पाहिले. "शेवटी कुठे होता ठिपका?"

"पश्चिमेला," ती म्हणाली. तिला ठाऊक होते तेवढेच तिने सांगितले. केंद्राच्या रेडिओशी बोलणारा एकुलता हातसंच बरोबर घेऊन होड्या पश्चिमेला गेल्या.

त्यानंतरही ती माझ्यापुढे बसून होती. ऊन वर आले. मग एकदम उठली, खणातला पेचकस घेतला आणि पंचायतीकडे निघाली. तेबुआई दारातच उभे होते. ती त्यांना ओलांडून आत शिरली. सरळ त्यांचे यंत्र ओढून मागचे स्क्रू काढायला लागली. घाईघाईत पेचकस पुन्हा पुन्हा खाचेतून निसटत होता.

"दे इकडे," तेबुआई म्हणाले. बाकीचे स्क्रू त्यांनी काढले. डबा पोटाशी धरून ते तिच्या मागोमाग केंद्राकडे पळत आले. वयाने थकलेले गृहस्थ, धाप लागून बोलता येईना. दोघांनी मिळून तो मला बसवला.

मी पहिल्या झटक्यात उठलो.

पडद्यावर समुद्र उमटला. पश्चिमेला शोधायला गेलेल्या होड्यांचे ठिपके होते. त्यांच्यापुढे काही नव्हते. तिरोईयाचे बोट पडद्यावरून फिरत होते. आणि मग वरच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, एक फिकट ठिपका लुकलुकला. खाली त्यांच्या होडीचे नाव. ईशान्येला. बेटाला वळसा घालून ते दुसऱ्याच बाजूला गेले होते.

"काका, रेडिओ!" ती ओरडली.

तेबुआईंनी रेडिओवरून हाका मारल्या. "मागे फिरा! ईशान्येला! अरे ऐकतोय का कोणी? ईशान्येला!" होड्या वळल्या, पण फार लांब गेल्या होत्या. त्या बेटाशी येईपर्यंत माझ्या पडद्यावरचा ठिपका विझला होता.

होडी सापडली, सूर्य कलताना. होडीत म्हातारे तेराका एकटेच होते.

त्यांना केंद्रातच आणले, कारण ते सगळ्यात जवळचे छप्पर होते. माझ्यासमोरच चटईवर बसवले. शहाळ्याचे पाणी ओठाला लावले तरी ते गिळेनात. तिरोईया त्यांच्यापुढे बसली.

"रात्र काढली आम्ही," तेराका म्हणाले. "दोघांनी मिळून पाणी उपसलं. सकाळी लाटेनं पिण्याच्या पाण्याचा कॅन नेला. तो म्हणाला, बाबा, आणतो मी. पोहायला कच्चा नव्हता गं तो. कॅनला हात लावलेला मी बघितला. मग मध्ये लाट आली." ते पुढे म्हणाले, "ऊन चांगलं वर आलं होतं तेव्हा. तोवर होता माझ्याबरोबर. आम्ही बेटाकडेच बघत होतो. म्हणत होता, तिरोईयाला दिसत असू आपण."

तेबुआईंनी तोंड भिंतीकडे केले. त्यांना कोणी काही म्हटले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. त्या वर्षी आमचे बेट गाण्याच्या स्पर्धेला गेले नाही. तेबुआई कधी कधी केंद्राच्या पायरीवर येऊन बसायचे. तिरोईया त्यांना चहा द्यायची, पण त्यांच्याजवळ बसायची नाही.

पुढे नवा संगणक आला. मला काढले त्या दिवशी तिरोईयाने माझी वायर उपटली नाही. रीतसर बंद केले, आतली डिस्क थांबेपर्यंत माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. मग माझे चांगले भाग उरियामने दुसऱ्या बेटासाठी नेले आणि उरलेला मी मागच्या फळीवर आलो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्ही अडखळतो, तेच आमचे बोलणे असते. पाचव्या खेपेला उठलो म्हणून आम्हाला बरे समजू नका. रोज त्याच जागी कोसळणाऱ्याला आणखी एक धक्का देऊन उठवण्याआधी त्याला उघडून बघा. दुखणे कळले तर औषध त्याच्यापर्यंत पोहोचू द्या. ते अडवणारा माणूस दुष्ट असावाच लागतो असे नाही, आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते असेही नाही.

रोज संध्याकाळी तिरोईया नव्या पडद्यासमोर बसून होड्यांची नावे मोठ्याने वाचते. शेवटची होडी किनाऱ्याला लागेपर्यंत ती घरी जात नाही. भाताची घाई आता तिला नसते.