दोन दिवसांचं कापून द्या

मी एक जुनी कात्री आहे. माझा जन्म व्हिएतनाममधल्या लोहारांच्या एका गावात झाला. मला घडवणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं होतं, की मी एखाद्या शिंप्याकडे जाईन आणि रेशीम कापीन. पण माझ्या नशिबी आलं ते नदीकाठच्या बाजारातलं दिएपबाईंचं औषधांचं दुकान. मित्रांनो, तिथे मी आयुष्यभर एकच पालुपद ऐकत आले, "दोन दिवसांचं कापून द्या!"

आमच्याकडे औषधाचं अख्खं पाकीट कोणी घेत नसे. गिऱ्हाईक नुसतं खोकून दाखवायचं. दिएपबाई गोळ्यांच्या पट्ट्या काढायच्या, मी त्या कचाकच कापायचे. लाल-पिवळी अँटिबायोटिकची कॅप्सूल, तापाची गोळी आणि आणखी कसली तरी पांढरी गोळी, असं सगळं एकत्र करून चिमुकल्या पिशव्या भरल्या जायच्या. औषधाचं नाव पट्टीच्या ज्या टोकावर असायचं, ते टोक जायचं केरात. आपण काय गिळलं हे गिळणाऱ्यालाही ठाऊक नसायचं! तरी सगळा बाजार म्हणायचा, "दिएपताईंच्या हाताला गुण आहे हो." अहो, साधी सर्दी आपोआपच बरी होते, त्यात कसला आलाय गुण? पण कात्रीचं ऐकतंय कोण!

हातगाडीवर तांदळाच्या शेवयांचं सूप विकणारी थोआ आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. तिची लेक क्वेन जरा शिंकली, की ती आलीच.

"ताई, मागची ती लाल-पिवळी दे गं. तिला तीच लागू पडते."

"अगं, एकदा डॉक्टरांना दाखव की तिला."

"तिकडे रांगेत बसू, की गाडी लावू? दे गं, दोन दिवसांचं!"

गिऱ्हाईक तुटू नये म्हणून दिएपबाई द्यायच्या. ताप उतरला की थोआ औषध बंद करायची आणि उरलेल्या कॅप्सूल फोडून घरच्या बदकांच्या कोंड्यात मिसळायची. वर म्हणायची, "वाया कशाला घालवू? बदकंही शिंकतायत!" मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटे, पण कात्रीला कपाळ कुठलं? अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मग त्यांचीच पिलावळ वाढते, आणि त्या पिलावळीला औषध म्हणजे खाऊ वाटतो. एवढी साधी गोष्ट त्या बाजारात कुणाला कळू नये, याचा मला फार संताप येई.

मग एका हिवाळ्यात क्वेनच्या छातीत कफ भरला. लाल-पिवळी चालली नाही, तिच्याहून जालीम गोळीही चालली नाही. पोर निळी पडायला लागली, तेव्हा थोआने तिला हनोईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. परत आल्यावर तिने आमच्या दुकानात बसून सगळं सांगितलं. नेहमीची औषधं त्या जंतूंना शिवतसुद्धा नव्हती. लागू पडेल असं एकच इंजेक्शन उरलं होतं. त्याने जीव वाचणार होता, पण कान जाण्याची भीती होती.

"मी म्हटलं, द्या. पोर जगू दे," थोआ म्हणाली आणि पायरीवर खेळणाऱ्या लेकीकडे वळली. "क्वेन! ए क्वेन!"

पोरीने मान वळवली नाही. बाटल्यांची झाकणं रचण्यात ती अगदी रंगून गेली होती.

दिएपबाईंच्या हातात मी तेव्हा उघडीच होते. त्यांनी मला मिटलं आणि खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी मासळीवाला तुआतकाका घसा खाकरत आला. बाई म्हणाल्या, "काका, आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा. आणि त्यांनी औषध दिलंच, तर सांगतील तितके दिवस पुरं घ्यायचं."

"वा! दिएपताई डॉक्टरीण झाल्या वाटतं!" तो हसला. "राहू दे, समोरच्या दुकानात जातो."

आणि गेलाही!

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला अडगळीत टाकू नका. मी उलट सांगते. मला खुशाल टाका, गंजून जाऊ द्या. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिकला हात लावू नका, सांगितलं तर मध्येच सोडू नका, आणि उरलंसुरलं शेजाऱ्याला किंवा बदकांना वाटू नका. किती वेळा सांगायचं तुम्हाला?

समोरच्या दुकानातली कात्री दिवसभर कचाकच चालते. तो आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जातो. आमच्या पायरीवर बसलेल्या क्वेनला तेवढा तो येत नाही.