ठिपक्याच्या अलीकडचा आवाज

ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणाशेजारी, पत्र्यावर, मी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आहे. बटणावरची रेघ त्या ठिपक्याला टेकेपर्यंत मैत्री झोपलेली राहते. रेघ जरा पुढं सरकली की ती उठते, आणि अर्धवट झोपेतून उठलेली माझी लेक मग संध्याकाळपर्यंत कडेवरून खाली उतरत नाही. ती झाली तेव्हापासून माझ्या वाट्याला जे काही संगीत आलं, ते त्या ठिपक्याच्या अलीकडचं. आणि तिथं संगीत कमी, खरखर जास्त.

हा ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर मी लग्नाआधी, पुण्यात नोकरीला असताना घेतले. लग्नानंतर ते माझ्याबरोबर जुळे सोलापूरच्या या फ्लॅटमध्ये आले. आल्या दिवसापासून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई मीनाबाई, स्पीकरवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवतात. दुपारी मैत्रीला आतल्या खोलीत झोपवायचं, आवाज नको म्हणून बाहेरचा कूलर बंद करायचा, घड्या उचलून दिवाणावर ठेवायच्या, मोबाइलची वायर ॲम्प्लिफायरला लावायची आणि फरशीवर बसून सारंगी ऐकायची. घामाघूम होऊन, पण ऐकायची. तासभर. तेही मैत्रीबाईंची मर्जी असेल तर.

अडचण अशी, की मोबाइलमध्ये गाणं असतं ते आकड्यांत. त्या आकड्यांचा आवाज करून पुढं द्यायचं काम मोबाइलच्या पोटातला एक इवलासा भाग करतो आणि अगदी उरकून टाकल्यासारखं करतो. मोठ्यानं लावलं तर त्याची खरखर गाण्याखाली झाकून जाते. हळू लावलं की सारंगी आणि खरखर दोघी मांडीला मांडी लावून बसतात. यावर उपाय म्हणजे हे एवढंच काम नीट करणारी वेगळी डबी आणायची. तिला डॅक म्हणतात.

"म्हंजे मोबाइलला नीट वाचता येत न्हाय, म्हणून त्याला शिकवणी लावायची," आत्या म्हणाल्या.

खरं सांगते, याहून चांगलं मला कुणी समजावलेलं नाही.

"त्यापेक्षा हेडफोन घाल की," हे मला न सांगितलेलं माणूस आमच्या अपार्टमेंटमध्ये उरलेलं नाही. घालून पाहिलाय. डोळे मिटून छान बसले होते. आत्या बाजारात गेलेल्या. डोळे उघडले तेव्हा शेजारच्या रुद्राणीकाकू खिडकीच्या गजांतून हात घालून पडदा हलवत होत्या, "अगं, पोरगी केव्हाची रडतेय! मेलीस की जिवंत आहेस?" आत मैत्री रडून रडून निळी झाली होती. त्या दिवशी तिचे हुंदके थांबल्यावरही माझे थांबले नाहीत. हेडफोन कपाटात गेला तो गेला. मला एक कान सारंगीला द्यायचा आहे आणि एक मैत्रीला. एवढी साधी गोष्ट, पण या घरात समजावून सांगता सांगता तोंडाला फेस येतो.

त्यात श्रीमंतभावजी. माझे चुलत दीर. त्यांचा साउंडचा धंदा आहे. वरात असो, गणपती असो, जयंतीची मिरवणूक असो, ट्रकवर खोक्यांची भिंत उभी करायची आणि तिच्यासमोर उभं राहून बटणं फिरवायची. आवाजाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"वहिनी, डॅकच पायजे ना? आपल्याला सांगायचं की! असा एक नंबर देतो, भिंतीचा रंग उडंल."

"मला रंग उडवायचा नाही भावजी. मला हळू ऐकायचंय."

"हळू?" त्यांनी माझ्या नवऱ्याकडं, प्रदीपकडं बघितलं. "दादा, वहिनी काय म्हणलाल्यात बे? हळू ऐकायला डॅक कशाला? हळू तर काय, बंद करून बी ऐकता येतंय की."

प्रदीप हसला. तो हसला याचा मला जास्त राग आला. दोघंही मोठ्यानं बोलत होते आणि आत मैत्रीला नुकतं कुठं झोपवलं होतं.

मग प्रदीपनं, तोडगा काढल्याच्या सुरात, जाहीर केलं. रविवारी जाऊन काय तो डॅक बघायचा. मनासारखा मिळाला तर ठीक. नाही तर ही रोजची कटकट संपवायची, स्पीकर श्रीमंतला देऊन टाकायचे, त्याला गोडाऊनवर टेस्टिंगला होतील.

"व्हय, आन् त्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन बसंल," आत्या म्हणाल्या. "उजेड हाय तितं."

सगळ्यांची सोय झाली. माझा तास तेवढा गेला.

रविवारी रिक्षानं नवी पेठेत निघालो. मी ॲम्प्लिफायर बरोबर घेतला होता, कारण ठिपका त्याच्यावर होता. तो प्रदीपच्या मांडीवर आणि मैत्री माझ्या.

"एवढं लोखंड मिरवायची काय गरज होती?" दर खड्ड्याला प्रदीप विचारत होता.

"सासरी आणलेलं माझं एवढंच सामान आहे जे तू उचललंयस. उचल जरा."

"बरोबर बोलल्या वहिनी," रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धं बूड टेकून बसलेले भावजी ओरडले. त्यांना कुजबुजता येत नाही. मी ते नेहमी उद्धटपणात जमा करायची.

दुकान भावजींच्या ओळखीच्या शरणबसवचं. दारापासून छतापर्यंत काळी खोकी. त्यानं आम्हाला स्टुलं दिली, पाणी दिलं आणि प्रदीपला विचारलं, "बोला साहेब, हॉल केवढा हाय?"

"हॉल लहान आहे," मी म्हणाले. "मला कमी आवाजात खरखर न करणारा डॅक हवाय."

"बरं बरं. आणि साहेब, बास कसा लागतो तुम्हाला?"

"मला," मी म्हणाले. "ऐकणार मी आहे."

"हां हां, अक्का. घरात सगळेच ऐकतेत की." असं म्हणून त्यानं प्रदीपसमोर तीन डबे मांडले. पहिला चांदीच्या रंगाचा. दुसरा भला मोठा, पुढं निळे आकडे चमकणारा. तिसऱ्यावर काहीच नव्हतं. काळी साबणाच्या वडीएवढी डबी, बाजूला एक हिरवा दिवा.

पहिल्या डब्यावर शरणबसवनं जे काही लावलं त्यानं समोरच्या चपलांच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. माझ्या छातीत धडधडलं. मैत्रीनं तोंड उघडलं, पण तिचं रडणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

"एक नंबर!" भावजी.

"कमी करा!" मी.

"काय?"

"कमी!"

त्यानं केलं. इतकं, की आता चपलांच्या दुकानापुरतं राहिलं.

"अजून."

"अक्का, अजून कमी केलं तर गिऱ्हाईक म्हणतंय, मशीन बिघडलंय."

तिन्ही डबे असेच झाले. तिन्ही एक नंबर निघाले. प्रदीप घड्याळ बघत होता. भावजी निळ्या आकड्यांवर खूश होते, "रात्री काय दिसंल हे!" मैत्री ओरडून ओरडून दमली. आणि शेवटी, तिसऱ्या डब्यावरचं गाणं संपता संपता, माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून गाढ झोपली. तिची लाळ माझ्या मानेवरून पाठीत उतरत होती.

मी शरणबसवकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

लेकरू झोपलेलं दिसलं की या गावातली दांडगट माणसंही कशी मऊ होतात, ते बघण्यासारखं असतं. तो चवड्यांवर चालत गेला, पंखा बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं. भर मे महिन्यात. आम्ही पाचही जण त्या काळ्या खोक्यांत घाम गाळत गप्प बसलो. प्रदीपनं उठून, मी न सांगता, माझा ॲम्प्लिफायर मधे जोडून घेतला आणि बटण ठिपक्याला आणून ठेवलं. ठिपका कशासाठी आहे ते त्याला माहीत होतं. मला वाटायचं, नसेल.

मी माझ्या मोबाइलवरची सारंगी काढून दिली. फार जुनं ध्वनिमुद्रण आहे. सुरुवातीला क्षणभर काहीच नाही. मग वाजवणारा म्हातारा श्वास घेतो, चांगला दीर्घ, नाकानं, आणि मग गज तारेवर टेकतो. मैत्री व्हायच्या आधी मला तो श्वास ऐकू यायचा. मोठ्यानं ऐकायची मुभा होती तेव्हा. त्यानंतर फक्त खरखर. म्हातारा श्वास घेतो हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याच्या वतीनं घ्यायची.

चांदीच्या डब्यानं खरखर केली, घरच्यापेक्षा कमी, पण केली. श्वास तिच्यात बुडाला.

निळ्या आकड्यांच्या डब्यात खरखर नव्हती. मी सावरून बसले. शांतता, शांतता, आणि आत बारीकसं 'टक' होऊन एकदम सारंगीच सुरू झाली.

"श्वास कुठं गेला?" मी कुजबुजले.

शरणबसवनं परत लावलं. परत तेच. "अक्का, ह्यो डबा शांतता आली की झोपतोय," तो माझ्या कानाशी म्हणाला. "आवाज आला की जागा होतोय. जागं होईपर्यंत पहिला थोडा जातोय. आजवर कुणी तक्रार केली न्हाय."

"तुम्ही कुणाला शांतता ऐकवली नसेल."

तो गालात हसला आणि त्यानं काळी डबी जोडली.

शांतता. मग त्या म्हाताऱ्यानं श्वास घेतला. अगदी माझ्या शेजारी बसून घ्यावा तसा, आणि गज टेकला. खांद्यावर मैत्रीही श्वास घेत होती. दोन्ही वेगवेगळे ऐकू येत होते. प्रदीपनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. शरणबसवनं एक बोट वर धरलं, जणू हललं तर सांडेल.

"लावा की," भावजी मोठ्यानं म्हणाले. "कशाची वाट बघलालाव?"

आम्ही तिघांनी त्यांच्याकडं बघितलं.

"चालू आहे भावजी," मी म्हणाले.

"चेष्टा करू नका वहिनी."

सारंगी आता चांगली वर चढली होती. प्रदीप नुसता खाली बघत होता. भावजींनी एकेकाचा चेहरा निरखला. मग ते उठले, स्पीकरजवळ गेले, कान लावला. कान काढला. दुसरा लावला. शेवटी त्यांनी जाळीवर तळहात ठेवला.

"हलतंय की," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

मग लगेच, नेहमीच्या आवाजात, "रेकॉर्डिंगच कमी हाय ते!"

मैत्री दचकली, पण उठली नाही. आम्ही काळी डबी घेतली. परतताना रिक्षात भावजी एकेक कान तळहातानं झाकून बघत होते. खड्डे आले, प्रदीप कुरकुरला, तरी त्यांचं तेच. बत्तीस वर्षांचा माणूस. त्या खोक्यांच्या भिंतीसमोर उभं राहायला लागला तेव्हा मिसरूडही फुटलं नसेल.

स्पीकरबद्दल त्यांनी परत विचारलं नाही. आत्यांचं शिलाई मशीन बाल्कनीच्या दारात गेलं, उजेड तिथंही आहे. मला माझा तास मिळाला. मी अगदी चिवटपणे तो रोज घेतला. सारंगी एका कानात, दुसऱ्या कानात आतल्या खोलीतलं मैत्रीचं चुळबुळणं, मधे कुणी नाही.

मग एका दुपारी, नेमक्या त्याच तासाला, बेल. रागानंच दार उघडलं. भावजी.

"वहिनी, ते लावा की परत."

"मैत्री झोपलीय."

"म्हाईत हाय. म्हणून तर आलो. तितं कसं लावलं होतं, तसंच."

ते दोन स्पीकरच्या मधे फरशीवर मांडी घालून बसले, शाळेत बसवल्यासारखे. मी बटण ठिपक्याला आणलं आणि लावलं. ते वाट बघत राहिले. श्वास झाला, गज टेकला, आलाप सुरू झाला. भावजी माझ्या तोंडाकडं बघत होते. मी मान हलवली, सुरू आहे म्हणून. त्यांनीही हलवली. मग खाली बघून फरशीवरचा एक दोरा उचलायला लागले.

मी आतल्या खोलीत डोकावले. मैत्री उताणी, दोन्ही हात डोक्यावर, मानेच्या घडीत घामाचे थेंब. शेजारी आत्या पडल्या होत्या. मी काय करणार ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी हात हलवून 'नको, नको' केलं. मग बाहेर कोण बसलंय ते त्यांनी वाकून बघितलं आणि हात खाली ठेवला.

अर्धा तास उरला होता माझा. पूर्ण अर्धा तास. चडफडत बाहेर आले, गाणं परत सुरुवातीला नेलं आणि रेघ ठिपक्याच्या पुढं सरकवली. आणखी पुढं. बरीच पुढं.

भावजींचा हात वर गेला.

"थांबा. कोण... हितं कुणी श्वास घेतला?"

"वाजवणाऱ्यानं."

"आयला," ते म्हणाले. आणि गज टेकला.

आत मैत्रीनं टाहो फोडला. आत्यांनी तिला आणून माझ्या हातात दिली, मी तशीच पुढं भावजींच्या मांडीवर ठेवली.

"घ्या तुमची पुतणी. आता संध्याकाळपर्यंत उतरायची नाही ती."

त्यांनी तिला छातीशी धरलं. ती त्यांच्या कानाला तोंड लावून किंचाळत होती आणि ते तिच्या डोक्यावरून स्पीकरकडं बघत, मान डोलवत होते.

"हिचा आवाज एक नंबर हाय वहिनी," ते म्हणाले. "पण तिला म्हणावं, जरा हळू. मी ऐकलालोय."

मी कूलर चालू करायला उठले होते. परत खाली बसले.