पाणी कोणी भरलं

भगवंतरावांकडं प्रबंध करायचा म्हणजे सोपं काम नव्हतं. अमरावतीच्या कॉलेजात ते भूगोल शिकवीत, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर पेंगणारं पोरगंही ताठ बसे. कुणी पीएच.डी.साठी आलं की त्यांचा एकच सवाल असे, "विषय राहू दे. प्रश्न काय?" विषय सांगणारे ढीगभर येत, प्रश्न सांगणारा एखादाच. बाकीच्यांना चहा पाजून सर वाटेला लावत. चहा मात्र चांगला असे, हे खरं.

एकसष्ट सालच्या एका रविवारी श्रावण तायडे त्यांच्या ओसरीवर येऊन बसला. अकोल्याच्या एका शाळेत तो मास्तर होता. बडनेऱ्याला गाडी बदलून आलेला, पांढरा सदरा, कपाळावर घाम. घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतलेला, आणि घरात एम.ए. झालेला तो पहिलाच. सरांनी नेहमीचा सवाल टाकला. श्रावणनं आधी कप खाली ठेवला, मग बोलला.

"सर, आपल्या खारपाणपट्ट्यात कोणत्याही गावात जा, विहिरी खंडीभर अन् गोड्या पाण्याची एखादीच. ते गोडं पाणी नेमकं कुठंसा लागते? अन् गाव त्या विहिरीपाशी वसलं, का गाव वसल्यावर विहीर खणली? मले हे पाह्यचं हाय."

सर बघतच राहिले. ते स्वतः खारपाणपट्ट्यातले, दर्यापूरकडच्या एका गावातले. (गावाचं नाव सांगत नाही, तसली गावं एक का दोन होती?) वाड्यामागच्या गोड्या विहिरीचं पाणी पिऊन ते लहानाचे मोठे झाले, भूगोलाची पुस्तकं वाचून म्हातारे व्हायला आले, पण हा प्रश्न काही त्यांना कधी पडला नव्हता. हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं आणि वरून नुसतं म्हणाले, "बरं. लागा कामाला."

आणि काय कामाला लागला हो तो माणूस. सरांची शिस्त अशी होती की आधी सांगाडा, मग मांस. प्रत्येक अध्यायानं कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ते एका वाक्यात लिहा. लिहिता येत नसेल तर तो अध्यायच नको. पोरं या पायरीवरच रडकुंडीला येत. श्रावणनं खाकी कागदाचा एक तक्ता भिंतीला टांगला, त्यावर एकेक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि वाक्यं ठरल्याशिवाय सायकलला हात लावला नाही. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत बैलाचा पाय निघत नाही, तिथं सायकल कुठली चालणार. म्हणून दिवाळी सरली की त्याची फिरस्ती सुरू होई. मागं पत्र्याची पेटी, पेटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या बाटल्या. विहिरीवर जायचं, पाणी आधी जिभेवर घ्यायचं, चव लिहायची, मग बाटली भरायची आणि शाळेच्या प्रयोगशाळेत मीठ तपासायचं. पुढं पुढं त्याची जीभ इतकी तयार झाली की तपासणीचा आकडा तो आधीच सांगे, आणि तो फारसा चुकत नसे. सर स्टाफरूममध्ये ही गोष्ट इतक्यांदा सांगत, की ते तोंड उघडायच्या आत लोक म्हणत, "माहीत आहे, तायडेची जीभ." सरांना त्याचा राग येत नसे. आपल्या हाताखाली असा माणूस आहे याचं त्यांना भारी कौतुक होतं.

अशी तीन वर्षं गेली. अकोल्याच्या एका कॉलेजात भूगोलाची जागा निघाली होती, आणि प्रबंध त्या दिवाळीच्या आत दाखल झाला तर ती श्रावणला मिळण्यासारखी होती. सगळं जुळून येत होतं. तेवढ्यात त्यानं दुसरा अध्याय आणून दिला, आणि सरांचं डोकं फिरलं.

अध्यायाचं नाव होतं, 'पाणी कोणी भरलं'. श्रावणनं सरळ लिहिलं होतं, की काही गावांत मी स्वतः दोर धरून पाणी काढलं, काही गावांत मला विहिरीवर चढू दिलं नाही, तिथं दुसऱ्यानं भरून दिलं. नकाशावरही त्यानं तीच वाटणी केली होती. स्वतः भरलं तिथं काळा भरीव गोल, दुसऱ्यानं भरलं तिथं पोकळ. आणि पोकळ गोल काही थोडेथोडके नव्हते.

"हे काढून टाक," सर म्हणाले. "परीक्षक म्हणतील, याची अर्धी सामग्री ऐकीव आहे. प्रबंध परत येईल, जागा जाईल. शिवाय हा भूगोल आहे श्रावण, गाऱ्हाणं नव्हे."

"गाऱ्हाणं नाई सर, पद्धत हाय," श्रावण शांतपणे म्हणाला. "पाणी कसं घेतलं हे सांगा, असं तुमीच शिकवलं."

सर चिडले. आपलंच वाक्य आपल्यावर उलटलं की मास्तर माणूस जास्तच चिडतो. "वाद नको. सगळे गोल सारखे कर," म्हणाले, आणि बाकीचे कागद चाळायला लागले. चाळता चाळता कोष्टकात त्यांना आपलं गाव दिसलं. तिथं लिहिलं होतं, गोडी विहीर, आणि पुढं मिठाचा आकडा असा की माणसानं तोंड लावू नये.

मग काय विचारता. "अरे, जन्मभर प्यालोय मी ते पाणी," सरांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "साखर आहे साखर. आणि तू खारं लिहितोस? तीन वर्षं हेच केलंस का?"

श्रावण खाली मान घालून बसला होता. सरांचं ओरडून झाल्यावर तो म्हणाला, "सर, मी तिथं तुमचं नाव सांगितलं. रामरावजीनं बसवलं, चहा देला. चहाचा कप वेगळा होता. मंग माही बाटली घेतली अन् भरून आणून देली. मी विहिरीपर्यंत गेलोच नाई. तिथं गोल पोकळ हाय, पहा."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"आता बोललोच न, सर. त्या अध्यायात हेच तं लिहेल हाय. तुमी म्हणता काढून टाक."

रामराव म्हणजे सरांचा धाकटा भाऊ, घरची शेती बघणारा. दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात गेलेच नाहीत. श्रावणची एक रिकामी बाटली पिशवीत घातली आणि दर्यापूरच्या मोटारीत बसले. रामराव गोठ्यापाशीच भेटला. सरांनी विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

"भाऊ, त्याची बाटली गोड्या विहिरीत कशी बुडवू? ढोराच्या विहिरीचं देलं भरून. त्याले काय प्यायचं होतं? तपासाचंच होतं न?"

"मी त्याला घेऊन येतो. तो स्वतः काढेल पाणी."

"तुमाले पाह्यजे तेवढं न्या, हांडे भरून न्या," रामराव म्हणाला. "तुमी जासान अमरावतीले. त्यानं दोराले हात लावला तं मले गावात रायनं हाय."

ज्यांच्या आवाजानं वर्ग हादरे ते भगवंतराव त्यावर काही बोलले नाहीत. बोलायला पाहिजे होतं, हे त्यांना तिथंच कळलं होतं. पण भाऊ होता, सामाईक शेत होतं, बायाबापड्या दाराआडून ऐकत होत्या. त्यांनी पोहरा सोडला, पाणी ओढलं आणि बाटली भरली.

परतीच्या मोटारीत मात्र त्यांना हलकं वाटायला लागलं. आपण या वयात उन्हातान्हात जाऊन, भावाला खडसावून (खडसावलं कुठं होतं?) पोराच्या प्रबंधाची चूक दुरुस्त केली. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की भराभर घालतो. रविवारी श्रावण आला तेव्हा त्यांनी बाटली टेबलावर ठेवली.

"घे. मी माझ्या हातानं भरलंय. आकडा बदल आणि गोल भरून टाक. आणि तुझा तो अध्याय राहू दे जागेवर."

श्रावणनं पाण्याचा एक थेंब जिभेवर घेतला. त्याचा चेहरा उजळला. "लय गोडं हाय सर," तो म्हणाला. "आकडा बदलतो. तुमी एवढ्या लांब गेले, तुमचे उपकार हायेत. पण गोल पोकळच राहीन."

"का? मी भरलंय म्हणतो ना?"

"तुमी भरलं सर. मी नाई भरलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. गाइडची सही, जागा, दिवाळी, सगळं त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो टिकलीएवढा गोल भरायला तयार नव्हता. सरांनी हयातभर पोरांना खरेपणा शिकवला. तो असा दिसतो हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि समोरच्या माणसाचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच. त्यांनी दौत ओढली आणि प्रबंधावर सही केली.

प्रबंध वेळेत दाखल झाला. उन्हाळ्यात नागपूरला तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, कडक होते, आणि त्यांनी दुसरा अध्याय ओळन् ओळ वाचला होता. श्रावणला त्यांनी भरपूर पिळलं. तो डगमगला नाही. शेवटी ते म्हणाले, "हा अध्याय नसता, तर मी तुमच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवला नसता." मग नकाशावर वाकून त्यांनी एका पोकळ गोलावर बोट ठेवलं. "पण तुम्हीच लिहिलंय, हे तर तुमच्या गाइडचंच गाव ना? इथं तरी गोल भरायला काय अडचण होती?"

सगळ्या प्रश्नांना फटाफट उत्तरं देणारा श्रावण इथं मात्र गप्प झाला. त्यानं सरांकडं पाहिलंसुद्धा नाही.

भगवंतराव खुर्चीतून उठले. गाइडनं मध्ये बोलायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"त्या गावचं पाणी मी भरलं," ते म्हणाले. "याच्या हातात दोर द्यायची माझी छाती झाली नाही. नकाशा बरोबर आहे."